मंडळीत परदेशी मिशनरी आजी-आजोबा येणार आहेत? मग हे वाचून ठेवा

रविवारी चर्चमध्ये उपासना संपता संपता पाळकसाहेब सूचना वाचतात, "पुढच्या महिन्यात अमेरिकेहून एक ज्येष्ठ मिशनरी जोडपं आपल्याकडे सेवेला येतंय, वर्षभर राहील," आणि सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतात. तुम्ही निवृत्त आहात, तुमचं इंग्रजी बरं आहे आणि गेल्या नाताळात फराळाचं काम तुम्हाला नाही म्हणता आलं नव्हतं. झालं, त्यांची देखभाल करायला तुमची नेमणूक पक्की.

माझ्यावर ही वेळ तीनदा आली. मी भायखळ्याला राहते, महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. पहिलं जोडपं स्कॉटलंडचं, नंतरची दोन अमेरिकेची. पहिल्या खेपेला मी जीव तोडून केलं आणि तेच चुकलं. दूध मी आणायचे, भाजी माझी सून निवडायची, वीजबिल आमचे हे भरायचे, टॅक्सीसुद्धा आम्हीच थांबवून द्यायचो. चौथ्या महिन्यात आजी मला म्हणाल्या, "आम्ही इथे सेवा करायला आलो होतो ना? मला तर दवाखान्यात भरती केल्यासारखं वाटतं." मग त्यांनी विचारलं, भाजी कुठे मिळते? बाजार त्यांच्या फाटकापासून दोनशे पावलांवर होता. चार महिन्यांत त्यांनी तो पाहिला नव्हता.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे हिशेब एकच आहे. सहाव्या आठवड्यात त्या दोघांना आपलं दूध आपण आणता आलं पाहिजे.

आधी माणसं ओळखा

हे लोक बहुतेक पासष्टीच्या पुढचे. कोणी नर्स होत्या, कोणी हिशेबनीस, कोणी शेती विकून आलेले. मुलं मार्गी लागली, नातवंडं झाली, आणि आता "देवाला काही वर्षं देऊ" म्हणून निघालेले. पुष्कळ जण स्वतःच्या पेन्शनीतून खर्च करतात. काही पंथांत तर सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत मुदत ठरवून निवृत्त जोडप्यांना पाठवतात. रस्त्यावर उभं राहून प्रवचन करणारा साहेब तुमच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका. आमच्याकडच्या आजोबांनी वर्षभर काय केलं? बाप्तिस्म्याची आणि लग्नांची जुनी रजिस्टरं, ज्यांना वाळवी लागायचीच बाकी होती, ती पानापानाने संगणकावर उतरवली. आजी शाळेत मुलांकडून इंग्रजी वाचून घ्यायच्या आणि गुरुवारी मंडळीतल्या आजारी माणसांना भेटायला जायच्या.

मुंबईला मिशनरी नवे नाहीत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन १८१३ च्या फेब्रुवारीत इथे उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जायला सांगितलं होतं. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परतले. हॉल १८२६ मध्ये नाशिककडे दौऱ्यावर असताना पटकीने गेले, चाळिशी नुकतीच ओलांडलेली. जॉन आणि मार्गारेट विल्सन हे स्कॉटिश जोडपं १८२९ मध्ये आलं. मार्गारेटबाई मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये इथेच वारल्या. तेव्हा तरुण यायचे आणि इथल्या मातीत जायचे. आता म्हातारे येतात, परतीचं तिकीट काढून. तुमच्या कामाची निम्मी काळजी या एका फरकातून निघते: यांच्या अंगात उत्साह पंचविशीचा असतो आणि गुडघे सत्तरीचे.

पायरी १: कागद, आणि ते विमान सुटण्याआधी

मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे. "टुरिस्ट व्हिसावर येऊ, मग बघू" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. मूळ भारतीय वंशाचे, ओसीआय कार्डवाले येणार असतील तरी मिशनरी कामासाठी त्यांना वेगळी परवानगी लागते. व्हिसावर जे काम लिहिलंय तेच करायचं, एवढं दोघांना आणि मंडळीच्या कमिटीलाही निक्षून सांगा. कमिटीतल्या कोणाला तरी "साहेबांना गावाकडच्या सभेला घेऊन जाऊ" असं सुचतंच. आधी व्हिसा वाचा.

परदेशी माणूस ज्याच्या घरी उतरतो त्याने चोवीस तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात. ही जबाबदारी घरमालकाची, पाहुण्याची नाही. व्हिसा १८० दिवसांहून मोठा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणी करावी लागते, तीही आता ऑनलाइनच होते. भाडेकरार, भाडेकरूची पोलिसांकडची नोंद आणि सोसायटीचं पत्र, हे तिन्ही आधी हातात घ्या. आमच्या दुसऱ्या जोडप्याच्या वेळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी "परदेशी नको" म्हणून तीन आठवडे टोलवलं. शेवटी आमचे हे त्यांच्याकडे चहाला गेले, आजोबा निवृत्त रेल्वे इंजिनियर आहेत हे सांगितलं, आणि सेक्रेटरी स्वतः माटुंग्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले निघाले. पत्र त्याच दिवशी मिळालं. तात्पर्य काढू नका, प्रत्येक सेक्रेटरी रेल्वेवाला नसतो.

मोबाइलचं सिम पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून मिळतं, पण दुकानात तासभर मोडतो. सोबत जा. पैशांचं जास्त त्रासदायक आहे. कोथिंबीरवालासुद्धा क्यूआर पुढे करतो आणि यांच्याकडे भारतीय बँकेचं खातं नसतं. परदेशी पाहुण्यांसाठी यूपीआय वन वर्ल्ड नावाची सोय २०२३ पासून आहे, तिची चौकशी करा. तोवर दहा, वीस, पन्नासच्या नोटांची गड्डी काढून ठेवा. पाचशेची नोट घेऊन भाजीला गेलेला परदेशी माणूस म्हणजे बाजाराची सकाळ खराब.

पायरी २: घर

लिफ्ट असलेली इमारत, किंवा फार तर पहिला मजला. चर्च चालत जाण्याजोगं. कमोड, आणि त्याच्या शेजारी भिंतीला धरायला दांडा. बाथरूममध्ये रबरी मॅट. खिडक्यांना मच्छरजाळी. एवढं असलं की बाकी जुनं चालतं.

पाण्याची वेळ त्यांना समजावून सांगा. नळाला चोवीस तास पाणी असतं अशा समजुतीत वाढलेल्या माणसाला "साडेपाच ते सात" ही गोष्टच कळत नाही. आमच्या पहिल्या आजोबांनी साबण लावला आणि टाकी संपली. तेव्हापासून बाथरूममध्ये एक भरलेली बादली आणि तांब्या कायम ठेवायचा हा नियम आहे. पिण्याच्या पाण्यासाठी फिल्टर लावा, आणि दात घासायलाही तेच पाणी, निदान पहिले दोन महिने.

अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिथून आणलेला केस वाळवायचा ड्रायर इथे लावला की धूर आणि नंतर अंधार. फोनचे चार्जर आणि झोपेत लावायचं श्वासाचं यंत्र बहुतेक दोन्हीवर चालतं, तरी ॲडॅप्टरवर बारीक अक्षरात १००-२४० असं लिहिलंय का ते भिंग घेऊन वाचा. लिहिलेलं नसेल तर प्लगला हात लावू देऊ नका.

पायरी ३: पहिला आठवडा काहीही करू नका

विमानतळावर हार घ्या, एकच. दुसऱ्या दिवशी स्वागतसभा ठेवू नका. न्यूयॉर्क आपल्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. रात्री अडीचला ते टक्क जागे असतात आणि दुपारी चारला, तुमचे महिला मंडळाचे आठ जण पुरणपोळ्या घेऊन पोचतात तेव्हा, बसल्या जागी पेंगतात. मग महिला मंडळ म्हणतं, गर्विष्ठ दिसतात.

पहाटे जाग येतेच आहे तर तिचा उपयोग करा. साडेपाचला खाली उतरवा. पेपरवाले गठ्ठे सोडवून पुरवण्या घालत असतात, दुधाचे क्रेट उतरत असतात, फुटपाथवर झोपलेली माणसं वळकट्या आवरत असतात. हे शहर त्या वेळी हळू चालतं आणि म्हाताऱ्या माणसाला झेपतं. नंतर राणीची बाग. १८६२ पासूनची झाडं, सावली, बसायला बाकं आणि सकाळी फिरणाऱ्यांचा ठरलेला घोळका. बुधवारी बाग बंद असते हे सांगायला मी विसरले होते. दोघं फाटकापाशी उभे राहून सुरक्षारक्षकाशी खुणांनी बोलत होते. तीच त्यांची मुंबईतली पहिली ओळख. पुढे वर्षभर तो त्यांना सॅल्यूट करायचा.

पायरी ४: दिवसाची घडी बसवा, आणि दुपार सोडा

तिन्ही जोडप्यांचा दिवस शेवटी साधारण असाच बसला. पहाटे फिरणं. सातला दोघांचं बायबलवाचन आणि प्रार्थना. या वेळी फोन करू नका, दार वाजवू नका. नाश्ता. नऊ ते बारा काम. साडेबारा-एकला जेवण. मग चारपर्यंत झोप.

ही दुपार तुम्ही राखायची. आपल्या लोकांना ती मोकळी दिसते. "साहेब घरीच असतील, जाऊन येऊ." एक घर दीडला, दुसरं अडीचला, आणि दारात आलेल्याला हे लोक परत पाठवत नाहीत. दोन महिन्यांत आजोबांचं ब्लडप्रेशर वर गेलं, डॉक्टरांनी विचारलं, दुपारी आडवे होता का? मग मी दारावर मराठीत पाटी लावली: "४ नंतर या. चहा मिळेल." पाटीवरच्या दुसऱ्या वाक्यामुळे कोणाला राग आला नाही.

संध्याकाळी भेटी आणि घरोघरच्या प्रार्थनासभा. आठवड्यात दोन, जास्त नाही. सभा साडेसातची म्हणजे सव्वाआठला सुरू होते हे त्यांना सांगा आणि तुमच्या लोकांना सांगा की हे साडेसातला पाच कमी असतानाच येतील. यजमानीणबाई पदर खोचून पुऱ्या तळत असते आणि दारात गोरं जोडपं उभं! दोन्हीकडून दहा-दहा मिनिटं सोडली तर निभतं.

रविवारची मराठी उपासना दोन तासांची, त्यात प्रवचन त्यांना कळत नाही. कानात भाषांतर पुटपुटत बसू नका. गीतपुस्तकात नारायण वामन टिळकांच्या गीताचा क्रमांक काढून द्या, शब्द रोमन अक्षरात लिहून द्या. भाषा यायच्या आधी चाल येते. आमच्या दुसऱ्या आजी तिसऱ्या महिन्यात पेटीवर साथ करायला लागल्या, तेव्हा त्यांना मराठी वाक्य एकच यायचं.

पायरी ५: मराठी, दुकानापुरती आधी

ते वाक्य होतं, "थोडं कमी करा ना." मीच शिकवलं होतं.

हे लोक विद्वत्तेच्या बाजूने सुरुवात करतात. कोणी तरी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश फोनवर उतरवून आणतो. १८३१ चा तो कोश थोरच, माझ्याही कपाटात आहे, पण त्यातले शब्द घेऊन मटणवाल्याकडे जाता येत नाही. पहिल्या पंधरवड्यात एवढंच द्या: केवढ्याला, सुट्टे आहेत, बास, नको, हळू बोला, इथे थांबवा, पुढच्या स्टॉपला, पाणी हवं, डोकं दुखतंय. मग नाती. मावशी, काका, ताई, दादा. मराठी न येणारा माणूससुद्धा "दादा, केवढ्याला?" म्हणाला की भाव पाच रुपयांनी उतरतो.

एक गोष्ट आधीच शिकवा: "तू" आणि "तुम्ही". इंग्रजीत भेद नाही, म्हणून ते सोपं रूप उचलतात. आमचे आजोबा भर मंडळीत पाळकसाहेबांना म्हणाले, "तू चांगला बोलला." पाळकसाहेब हसले, पण मागच्या बाकावरच्या वडीलधाऱ्यांचे चेहरे मी पाहिले. शिकवताना "तुम्ही" एवढंच द्या. घरकामाच्या मावशींनाही तेच. "तू" आपोआप येतं, मुलांकडून.

आणि त्यांच्याशी सतत इंग्रजी बोलू नका. आपल्याला आपलं इंग्रजी दाखवायची हौस असते, मी माझंच सांगते.

पायरी ६: खाणंपिणं आणि आग्रह

तिखटाची भीती सगळेच घालतात. खरा धोका मिठाचा आहे. लोणचं, पापड, फरसाण, सुकट. ब्लडप्रेशरच्या माणसाला आपण कौतुकाने हेच वाढतो. कापलेली कोशिंबीर आणि बर्फ बाहेर नको, घरी चालेल. उकडलेलं, तळलेलं, डोळ्यांसमोर वाफ निघणारं काहीही चालतं. त्यामुळे वडापाव चालतो, आणि हे ऐकून दोघंही खूश होतात.

आग्रहाचं मात्र दोन्हीकडे शिकवावं लागतं. त्यांना वाटतं ताट रिकामं करणं म्हणजे सभ्यता. आपल्याला वाटतं ताट रिकामं म्हणजे अजून हवं. मग पाचव्या पुरीला आजोबांचे डोळे बाहेर येतात. उपाय: शेवटचा घास ताटात ठेवून हात आडवा धरायचा आणि "पोट भरलं" म्हणायचं. यजमानांना आधी निरोप पाठवायचा की डॉक्टरांनी रात्री अर्धं जेवण सांगितलंय. डॉक्टरांचं नाव घेतलं की मराठी घरात आग्रह थांबतो, देवाचं घेतलं तरी थांबत नाही.

नाताळच्या आठवड्यात हे सगळं विसरा. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, अकरा घरांतून अकरा डबे येणारच. डबे रिकामे परत करायचे नसतात हे आमच्या आजींना कोणी सांगितलं कोण जाणे, त्यांनी प्रत्येकात आल्याची बिस्किटं भरून पाठवली. अजून लोक आठवण काढतात.

पायरी ७: औषधं

पहिल्याच दिवशी दोघांच्या गोळ्यांची यादी करा, ब्रँड नाही, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा. नावं बदलतात. ते ज्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात ते आपलं पॅरासिटामॉल. दोन्ही वेगळी समजून दोन्ही घेतली तर दुप्पट डोस. जवळचा एक फॅमिली डॉक्टर ठरवा आणि काहीही झालेलं नसताना एकदा भेटवून आणा.

अमेरिकेची सरकारी मेडिकेअर काही मोजके अपवाद सोडता देशाबाहेर खर्च देत नाही, ब्रिटनच्या एनएचएसचंही तेच. वेगळा प्रवासी विमा असतो, पण तो अनेकदा खर्च झाल्यावर पैसे परत देतो. आमच्या आजोबांना रात्री छातीत दुखलं तेव्हा एका मोठ्या खासगी रुग्णालयात भरती करण्याआधी अनामत रक्कम मागितली, आणि त्यांच्या परदेशी कार्डाला बँकेने रात्री संशयास्पद म्हणून अडवलं. मंडळीतल्या चौघांनी आपापले फोन काढून पैसे भरले. निघालं ॲसिडिटी. तरीही तेव्हापासून कमिटीकडे आणीबाणीची रक्कम बाजूला असते. रुग्णवाहिकेचा १०८ आणि पोलिसांचा ११२ हे दोन नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा, त्याखाली घराचा पत्ता मराठीत, जवळच्या खुणेसह. रात्री घाबरलेल्या माणसाला "सिग्नलच्या पुढे डावीकडे" सांगता येत नाही, कागद वाचता येतो.

पायरी ८: फिरणं

दक्षिण मुंबईत रिक्षा नाही, ती वांद्रे आणि शीवच्या पलीकडे. हे त्यांना कोणी सांगत नाही आणि ते भायखळ्याला रिक्षाची वाट पाहत उभे राहतात. इथे काळी-पिवळी टॅक्सी, मीटरने. बेस्टची बस जवळच्या अंतराला उत्तम. मेट्रोची तीन नंबरची मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू आहे, थंडगार आहे, सरकते जिने आहेत. गुडघेवाल्यांना मी तीच सुचवते.

लोकल शिकवायचीच, पण अकरा ते चारच्या मधे. सकाळच्या गर्दीत दाराजवळ उभं केलंत तर पहिल्याच दिवशी ते दादरला उतरायचे तिथे कुर्ल्याला उतरतील. जोडप्यांचा एक खास घोळ होतो: आजींना कोणी तरी कळवळ्याने लेडीज डब्यात चढवतं, आजोबा जनरलमध्ये, आणि उतरल्यावर दोघं एकमेकांना शोधत फलाटाच्या दोन टोकांना. म्हणून नियम: उतरल्यावर आजींनी हलायचं नाही, आजोबांनी चालत यायचं. उलटं केलं तर दोघंही चालतात आणि पुलावर चुकामूक होते. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक बघा. उपासनेला उशीर झाल्याचं दुःख त्यांना आपल्यापेक्षा फार होतं.

पायरी ९: पावसाळा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे सांगितलं की ते थट्टा समजतात. पहिल्या मोठ्या पावसात कळतं. घरात चार दिवसांचं खाणं, औषधं, मेणबत्त्या. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी असेल तर घराबाहेर पडायचं नाही, सभा असो, दफनविधी असो. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलंच तर घरी येऊन पाय साबणाने धुवायचे आणि चोवीस ते बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून लेप्टोची (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) प्रतिबंधक गोळी विचारायची. चामड्याचे बूट माळ्यावर टाका. पण चप्पल घेताना तळ खरखरीत बघा, कारण पडणं हे या वयात मलेरियाहून वाईट.

श्रवणयंत्राचं मला कोणी सांगितलं नव्हतं. जुलैत आजोबा एकदम अबोल झाले. आम्हाला वाटलं घरची आठवण येते. यंत्रात ओल गेली होती. रात्री झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटलीतल्या त्या छोट्या पुड्यांसोबत ठेवायचं. बायबलला बुरशी येते, तिलाही तोच उपाय, फक्त डबा मोठा.

पायरी १०: पैसे मागणारे, शेजारी, मावशी

दुसऱ्या महिन्यात दारावर चिठ्ठ्या सुरू होतात. मुलाची फी, बहिणीचं ऑपरेशन, पुतण्याला अमेरिकेत नोकरीसाठी पत्र. यातल्या बऱ्याच गरजा खऱ्या असतात, म्हणूनच अवघड आहे. दोघांच्या तोंडी एकच वाक्य बसवा: "आम्ही कमिटीला सांगतो." हातातून कोणाला एक रुपया नाही. आमच्या पहिल्या आजी गुपचूप द्यायच्या. सहा महिन्यांनी मंडळीत दोन तट पडले, मिळालेले आणि न मिळालेले. ते मिटवायला त्या परत गेल्यावरही वर्ष लागलं.

जिन्यात पत्रकं वाटायची नाहीत. कोणी आपणहून म्हणालं, माझ्यासाठी प्रार्थना करा, तर करायची. नाहीतर नमस्कार आणि हवापाणी. गणपतीत शेजारी बोलावतील, ईदला शीरखुर्मा येईल. जावं का, घ्यावं का, हे ते तुम्हाला विचारतील. मी सांगते, जा, बसा, मुलांचं कौतुक करा. प्रसादाबद्दल आपलं मन विचारा, आणि नको असेल तर दोन्ही हात जोडा, तोंड वाकडं करू नका.

घरकामाच्या मावशी पहिल्या महिन्यातच नोकरी सोडायला निघतात, कारण साहेब स्वतःची बशी स्वतः धुतात. मावशींना वाटतं, आपलं काम आवडलं नाही. त्यांना समजावा. आणि पगार आजूबाजूच्या घरांइतकाच ठेवायला लावा, वर द्यायचं ते सणाला. दुप्पट पगार दिला की मजल्यावरच्या बाकी बायका तुमच्याकडे भांडायला येतात, त्यांच्याकडे नाही.

पायरी ११: दोघांपैकी गप्प असतो त्याच्याशी बोला

जवळजवळ प्रत्येक जोडप्यात एकाला यायचं असतं आणि दुसरा त्याच्यासोबत येतो. पहिला प्रवचनाला उभा राहतो, दुसरा बटाटे सोलतो. चाळीस वर्षांच्या संसारात दोघं दिवसाचे आठ-दहा तास वेगळे राहिलेले असतात. इथे एकाच दीड खोलीत चोवीस तास. भांडणं होतात. होऊ द्या. फक्त जो गप्प आहे त्याला आठवड्यातून एकदा एकटं बाहेर काढा. स्कॉटलंडच्या आजींना मी बाजारात न्यायला लागले आणि तिथे समजलं की त्यांना शिवणकाम येतं. मग महिला मंडळात मशीन आलं.

शनिवारी रात्री नातवंडांचा व्हिडिओ कॉल असतो, त्यांच्याकडे तेव्हा सकाळ. त्या वेळी कोणताही कार्यक्रम नको. आणि एक दिवस असा येतो की तिकडे कोणी तरी जातं, भाऊ, जुनी मैत्रीण, आणि तिकीट काढूनही वेळेत पोचता येत नाही. त्या दिवशी आमच्या इमारतीतल्या बायकांनी काय करायचं ते कोणाला विचारलं नाही. पिठलं-भात पाठवला, दोघी-तिघी जाऊन जमिनीवर बसल्या, कोणी काही बोललं नाही. अर्ध्या तासाने उठून आल्या.

पायरी १२: निरोप, आणि वही

निरोपाला पितळेची समई देऊ नका. बॅगेला तेवीस किलोची मर्यादा असते, आणि ती समई शेवटी माझ्याच माळ्यावर येते; दोन आहेत. साडी द्या, हाताने लिहिलेलं गीत द्या, फोटो द्या.

जाण्याआधी त्यांच्याकडून एक वही पुरी करून घ्या, पुढच्या जोडप्यासाठी. आमच्याकडे ही वही आता तिसऱ्या हातात आहे. पाण्याची वेळ, गॅसवाल्याचा नंबर, कुठला प्लग ढिला आहे, कुठल्या डॉक्टरला मोठ्याने बोलावं लागतं, राणीची बाग बुधवारी बंद. बहुतेक इंग्रजीत आहे. एका पानावर मात्र दुसऱ्या आजींनी जाड्या पेनाने, वेलांट्या चुकवत, मराठीत लिहिलंय: "कोबीवाला सोमवारी येत नाही. मंगळवारी जा. थोडं कमी करा ना म्हणा."